चार जाकिटं, रिठ्याच्या पाण्यात

आमच्या दुकानात राम आणि रावण एकाच दांडीवर शेजारी शेजारी लटकतात आणि दोघांनाही डांबराच्या गोळ्यांचाच वास येतो. बुधवार पेठेत, विजेच्या सामानाच्या दुकानांच्या गर्दीत, एका अरुंद जिन्यावर आमची ड्रेपरी आहे. नाटकं, शाळांची गॅदरिंगं, गणपतीतले जिवंत देखावे, सोसायट्यांच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धा, या सगळ्यांना पोशाख भाड्याने देणं हा आमचा धंदा. वडिलांनी सुरू केला, मी चालवते. भाऊ हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. त्याला दुकानात पाऊल टाकलं की शिंका येतात, त्यामुळे वाटणीचा प्रश्न कधी आला नाही.

या धंद्यात माणसं फार बघायला मिळतात. गॅदरिंगच्या मोसमात आया येतात आणि प्रत्येकीला मुलीसाठी झाशीची राणीच हवी असते. एकदा एकाच वर्गातून इतक्या राण्या निघाल्या की माझ्याकडच्या तलवारी संपल्या. शेवटच्या आईला मी म्हटलं, "तुमच्या लेकीला इंग्रज अधिकारी करू या का? टोपी छान दिसेल." त्या घाबरून म्हणाल्या, "अहो, मारतील ना तिला सगळ्याजणी!"

एक निवृत्त गृहस्थ यमाचा पोशाख घेऊन गेले. नाटक वगैरे काही नव्हतं. सोसायटीच्या गेटसमोर कोणीतरी रोज गाडी लावत असे, त्या माणसाची वाट बघत ते सकाळभर गेटात उभे राहिले. मुकुट परत करताना म्हणाले, "शिंगं जरा सैल आहेत. बाकी परिणाम समाधानकारक."

तर लोक पोशाख नेतात आणि परत आणतात, पण खरा धंदा त्यानंतर सुरू होतो. परत आलेल्या अंगरख्याच्या काखेत घाम असतो, उपरण्यावर मिसळीचा रस्सा असतो आणि राजाच्या पगडीत हमखास कोणाची तरी बसची तिकिटं निघतात. जरीचा कपडा उलटा करून सावलीत टांगायचा, सुती कपडा उकळत्या पाण्यात टाकायचा आणि रंग जाईल अशी भीती असेल तो रिठ्याच्या पाण्यात, हाताने, मुलाला न्हाऊ घालावं तसा धुवायचा. मग उसवलं-फाटलं बघायचं आणि त्यानंतरच कपाटात. मळका कपडा कपाटात गेला तर कसर लागते, आणि ती कीड एका कपड्यावर थांबत नाही. नाटकाचा नियम असा की शंभराव्या प्रयोगाला राजा पहिल्या प्रयोगासारखाच दिसला पाहिजे. काल रात्री त्याचा खून झालेला असला तरी आज अंगरख्यावर थेंब दिसता कामा नये.

फाटलेल्याचं काम रशीदभाईंकडे. ते रफूगार. त्यांच्या आजोबांपासून घर पुण्यातच. बोलणं माझ्यापेक्षा शुद्ध आणि माझ्यापेक्षा तिरकस. रफू म्हणजे ठिगळ नव्हे. त्याच कापडाच्या कडेचे धागे काढून फाटलेल्या जागी पुन्हा विणायचे, असं की मालकालाही जागा सापडू नये. एकदा मी विचारलं, "रशीदभाई, हे कुठे फाटलं होतं हो?" ते म्हणाले, "तेच विचारायला तुम्ही पैसे देता, ताई."

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते निष्काळजीपणाने झालेलं नाही. आम्ही दोघांनी अगदी उत्तम काम केलं. लाज वाटते ती त्या उत्तम कामाची. हा किस्सा मी हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, रांगेत उभं असताना, कुठेही रंगवून सांगते, आवाज काढून सांगते. जिथे हशा येतो तिथे थांबते. आज जरा पुढे जाणार आहे.

गेल्या वर्षी पावसाळा ओसरता ओसरता चार जणं आमचा जिना चढून आली. पुढे एक मुलगी. डोक्याची डावी बाजू सफाचट, उजवी हिरवी. तिच्यामागे एक दाढीवाला आणि त्याच्यामागे दोन भाऊ, जे शेवटपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. चौघांच्याही अंगात काळी जाकिटं, आणि ती जाकिटं अशी की बोहारणीने हात लावला नसता. बाही खांद्यापासून सुटलेली आणि सेफ्टी पिनांच्या रांगेने धरून ठेवलेली. कोपर फाटलेलं. मुलीच्या पाठीवर खताच्या पोत्याचा तुकडा टाचलेला आणि त्यावर, कॉलरपासून कमरेपर्यंत, वाळलेला चिखल.

"काकू, पेशवाई मिळेल का?" मुलगी म्हणाली.

"काकू म्हणालीस तर नाही मिळणार. ताई म्हणालीस तर बघू. किती माणसांची?"

"बारा दरबारी. आणि एक न्यायाधीश. पण न्यायाधीश पाण्याचा टँकर आहे."

"मग टँकरच्या डोक्याचं माप आणलंयस का?"

चौघं एकमेकांकडे बघून जी हसली! तिथेच आमचं जमलं. मुलीचं नाव ऋतुजा, ती दिग्दर्शक. दाढीवाला सोहेल, ड्रम वाजवणारा. चौघांचा पंक बँड होता, आणि ते स्वतःच्या बँडवर विनोदी सिनेमा करत होते. गोष्ट अशी: एका सकाळी पुण्यातल्या सगळ्या गाड्यांचे हॉर्न नाहीसे होतात. लोकांना गाडी थांबवून एकमेकांशी बोलावं लागतं. बोलायला लागल्यावर भांडणं होतात, भांडणांतून ओळखी निघतात, ओळखींतून लग्नं ठरतात आणि शहर ठप्प होतं. आळ येतो या बँडवर, कारण एवढा आवाज दुसऱ्या कोणाकडे नाही. मग पेशवाई दरबार भरतो, टँकर न्यायाला बसतो आणि निकालाऐवजी त्यातून पाणी येतं, तेही एक दिवसाआड.

"हे पंक म्हणजे नेमकं काय?" मी सोहेलला विचारलं.

"वाजवता येत नसलं तरी वाजवायचं, ताई. मोठ्याने. कोणाची परवानगी न घेता."

"आमच्या पेठेतलं ढोलपथक काय वेगळं करतं?"

"ते सगळे एकसारखे कपडे घालतात. आमच्यात तसं नसतं." चौघंही एकसारख्या काळ्या फाटक्या जाकिटांत उभी राहून मला हे सांगत होती. मी जीभ चावली, नाहीतर तेवढ्यावरच गिऱ्हाईक गेलं असतं.

त्यांनी मला नुसता पोशाखांचा पुरवठाच नाही, सिनेमाचा सगळा कपडेपट दिला. मी हुरळले. इतकी वर्षं लोकांना राजे केलं, पण पडद्यावर माझं नाव येणार हे पहिल्यांदाच. रस्त्यावरचे प्रसंग त्यांनी आधीच उरकले होते. दरबाराचा तेवढा बाकी होता आणि मध्ये काही दिवसांची सुट्टी. सिनेमात असा रिवाज असतो की चित्रीकरणाचे कपडे कोणी घरी नेत नाही. ते कपडेपटाकडे राहतात. म्हणून चौघांनी जाकिटं माझ्या बाकावर ठेवली. ऋतुजाने आपलं सर्वांत शेवटी ठेवलं, बाही सरळ करून.

"ताई, कंटिन्युइटी आहे यांची," ती म्हणाली.

"हो हो," मी म्हणाले. मला वाटलं, सिनेमावाल्यांचं काहीतरी असेल, जसं आमच्याकडे नाटकाआधी नारळ असतो. आता सगळ्या गावाला समजावून सांगते: सिनेमाचे प्रसंग उलटसुलट क्रमाने घेतात, म्हणून पहिल्या दिवशी कपड्यावर जो डाग असेल तो शेवटच्या दिवशी तिथेच, तेवढाच असावा लागतो. म्हणजे आमच्या नाटकाच्या बरोब्बर उलटं. तेव्हा विचारलं असतं तर दोन वाक्यांत कळलं असतं. पण मला विचारायची सवय नाही. मला सांगायची सवय आहे.

ती गेल्यावर रशीदभाई जाकीट उलटंपालटं करून बघत बसले. त्यांच्या तोंडून सहसा हळहळ निघत नाही. "काय दिवस आलेत, ताई. दोरा घ्यायला नाही, म्हणून पिना लावतात पोरं."

"आणि सिनेमा काढतात," मी म्हटलं.

"छंद असतो एकेकाला. ह्याचे पैसे लावू नका. माझ्याकडून."

"माझ्याकडूनही," मी म्हटलं. आम्ही दोघं एकदम मोठ्या मनाची माणसं झालो. त्या दुपारी मी खुशीत होते, ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

रिठा मी स्वतः भिजवला. पोत्याचा तुकडा हलक्या हाताने उसवून वेगळा धुतला. मुलीच्या पाठीवरची माती काही सुटेना. काळी, चिकट, कापडाच्या विणीत शिरलेली. पहिलं पाणी काळं, दुसरं काळं, तिसरं जरा उजळ. नखाने, जुन्या ब्रशने, पुन्हा नखाने. मोरीतून ते पाणी वाहून गेलं तेव्हा मी गाणं म्हणत होते. रशीदभाईंनी चार दिवस लावून चारही जाकिटांच्या बाह्या बसवल्या, कोपरं विणली. पिना काढून मी डबीत भरल्या. मग वाफेची इस्त्री, बाहीला धार, कॉलरला स्टार्च. मुंजीच्या बटूला घालावीत अशी जाकिटं झाली.

दरबाराचं चित्रीकरण हडपसरजवळच्या मांजरी गावात होतं, ऋतुजा राहते त्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये. सोसायटी बघूनच मला पहिला धक्का बसला. उंच मनोरे, कारंजं, दारात सलाम करणारा वॉचमन. "कितव्या मजल्यावर राहते ती?" मी विचारलं. वॉचमन म्हणाला, "त्यांचे पाच फ्लॅट आहेत. कोणता पाहिजे?" जमीनच त्यांची होती. ज्या पोरीला दोरा परवडत नाही म्हणून आम्ही हळहळलो होतो, तिच्या बापाच्या वावरात तो वॉचमन उभा होता.

तरी मी माझा प्रवेश सोडला नाही. दरबारी पगड्या घालून बसले होते, टँकर मधोमध लावला होता, त्याला मी खास शिवलेलं भगवं उपरणं होतं. मी सगळ्यांना थांबवलं. ट्रंक उघडली. "मंडळी!" म्हटलं आणि एकेक जाकीट हँगरवर, प्लास्टिकचं आवरण ओढत, दरबारात सादर केलं. सोहेल आधी खदाखदा हसला. मग त्याने ऋतुजाकडे बघितलं आणि हसू अर्ध्यात गिळलं.

"धुतलंत?" ती म्हणाली.

"अगं, हाताने! रिठ्याच्या पाण्यात. पाठीवर केवढा चिखल होता! तीन पाणी लागली. शेवटी नखाने काढला." आणि मी माझी नखं तिला दाखवली.

तिने जाकीट हातात घेतलं, पाठीवरून तळवा फिरवला, आणि खांबामागे गेली. सोहेलने मला बाजूला नेलं. ही पोरं मोठ्याने बोलणारी, पण तेव्हा तो कुजबुजत होता.

"ताई, ती तिच्या वावरातली माती होती. जमीन बिल्डरला द्यायच्या आदल्या दिवशी ती जाकीट घालून उसाच्या सरीत आडवी झाली होती. अण्णांनी, म्हणजे तिच्या वडलांनी, शेवटचं पाणी सोडलं होतं. सिनेमाभर ती माती पाठीवर आहे. शेवटच्या प्रसंगात टँकरचं पाणी पाठीवर पडतं आणि ती वाहून जाते. त्यासाठीच सिनेमा आहे, ताई. बाकी सगळी आमची मस्ती."

मी रशीदभाईंना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाले, "बाह्या उसवता येतील. कोपरं मला आता सापडायची नाहीत. आणि मातीचं मी काय सांगू?"

मग मी जे केलं तेही सांगते, कारण त्यालाही लोक हसतात. मी प्लास्टिकची पिशवी घेऊन सोसायटीच्या बागेत शिरले आणि झाडाच्या आळ्यातून माती भरू लागले. वॉचमन धावत आला. "मॅडम, माती नेता येत नाही."

"नेत नाही. जाकिटाला लावायचीय."

"चेअरमन बघतात वरून. निदान कुंडीतली तरी नका घेऊ."

पिशवी घेऊन मी ऋतुजासमोर उभी राहिले. तिने आत बघितलं. माती लाल होती.

"ही बिल्डरने बाहेरून आणलेली आहे, ताई," ती म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "राहू द्या. आपण असंच करू. इस्त्रीचंच करू काहीतरी."

एवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. ऋतुजाने जाकीट माझ्या ट्रंकेत टाकलं आणि झाकण लावलं. "अण्णांना बोलू नका."

अण्णा बाहेर आले. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात भाकरी-चटणीचं टोपलं. सगळ्यांना वाढून ते नेमके माझ्याच ट्रंकेवर बसले.

"कापडं तुमची व्हय?" पगड्यांकडे बघत ते म्हणाले. "झ्याक हायत. पोरीनं पिच्चर काढलं, आता लागंल का कुठं?"

"लागेल की, अण्णा."

"न्हाई लागलं तरी चालंल. ह्या लिफ्टच्या खाली आमची हीर व्हती बगा. पाणी कधी आटलं न्हाई. आता टँकर येतो." ते हसले. "पोरगी लई रडली तवा. म्या म्हनलं, रडतीस कशाला, जा, लोळ एकदा. पाट फोडला आन् पाणी सोडलं. हिच्या आयेनं मला याड्यात काढलं. पण आता कसं हाय, ताई, मला काय वाटलं की मी तिचं जाकीट बगतो. समदं वावर गेलं, तेवढं पोरीच्या पाठीवर हाय."

माझ्या हातात भाकरी होती. ऋतुजा समोरून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चटणी छान झालीय." अण्णा म्हणाले, "आणतो आनखी," आणि वर गेले ते दुपारची झोप काढायलाच.

ते झोपलेले असताना प्रसंग चित्रित झाला. ऋतुजाने जागच्या जागी तो बदलला. आता चौघं कडक इस्त्रीत, कॉलर ताठ, दरबारात येतात. फिर्यादी त्यांना ओळखतच नाही. दरबारी चष्मे लावून बघतात, आणि प्रधान म्हणतो, "बाहीला धार आहे. हे चोर असणं शक्य नाही." टँकर चौघांना निर्दोष सोडतो. सुटल्यावर त्यांना फार वाईट वाटतं. ते ओरडून सांगतात की आम्हीच चोर आहोत, पण इस्त्री केलेल्या माणसाच्या बोलण्यावर कोणी संशय घेत नाही. मग टँकरचं पाणी सुटतं, ऋतुजाच्या पाठीवर पडतं आणि खाली नितळ पाणीच वाहतं. तेवढं संवादाशिवाय ठेवलं तिने. जाकीट मात्र तिने माझ्याकडेच राहू दिलं, अण्णांच्या नजरेला पडू नये म्हणून.

सिनेमा तयार झाला आणि एका छोट्या हॉलमध्ये दाखवायचा ठरला. मी ठेवणीतली पैठणी नेसून गेले. रशीदभाई आले नाहीत. म्हणाले, "तुमच्या तोंडून ऐकला तेवढा पुरे." मला जागा मिळाली ती अण्णांच्या शेजारी. ते पहिल्यांदाच असल्या ठिकाणी आलेले. अंधार झाल्यावर पाय वर घेऊ की नको अशा विचारात बसले होते.

पडद्यावर बँड रस्त्यातून पळू लागला आणि ऋतुजाची पाठ दिसली. पडदाभर. पोत्याचा तुकडा, आणि त्यावर भेगा पडलेली काळी माती, धावताना तिचे कण उडत होते. अण्णांनी पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाच्या खांद्याला हात लावला. "ती माती आमची हाय," ते म्हणाले. त्या माणसाने मागे वळून, काही न कळून, मान हलवली.

सिनेमाभर लोक हसत होते, पण दरबाराच्या प्रसंगाला हॉल हशाने दणाणला. जाकिटांची ती धार बघून लोक खुर्च्यांवर हात आपटत होते. सोहेल मागून येऊन माझ्या कानाशी ओरडला, "ताई, बेस्ट सीन तुमचा!" आणि खरं सांगते, एक क्षण मला तो मान घ्यावासा वाटला. एवढी माणसं माझ्या इस्त्रीवर हसत होती. मी वाकून दाद घ्यायच्या बेतात होते.

मग टँकरचं पाणी पडलं. ऋतुजाच्या पाठीवरून नितळ पाणी खाली आलं. कोणी तेव्हाही हसत होतं. अण्णा पुढे सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून बघत होते. पाणी संपलं, दिवे लागले, टाळ्या सुरू झाल्या. ते माझ्याकडे वळले.

"कुनी धुतलं?"

आजूबाजूला चार जणं होती. सांगायला ऋतुजाचं नाव होतं, सिनेमाचं निमित्त होतं, आणि असल्या वेळी माझी जीभ फार चालते.

"मी, अण्णा."

ते थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग पाहुण्याशी बोलावं तसं, मला वाईट वाटू नये म्हणून, म्हणाले, "चांगलं धुतलंय. येक डाग न्हाई ऱ्हायला."